तो दोरा का खोडलास?

अगं,

तुझं पत्र मिळालं, सोबतच्या बावीस कविताही मिळाल्या, आणि उत्तराला इतका उशीर झाला म्हणून तू रुसली असशील हे मला माहितेय. पण मी त्या आधी भरभर वाचल्या, मग सावकाश मोठ्यानं वाचल्या, मग पंधरा दिवस ड्रॉवरमध्ये टाकून दिल्या आणि परत काढल्या. स्वतःच्या कवितांचंही मी असंच करते, त्यामुळे तुझ्या बाबतीत वेगळं वागले नाही एवढंच समज.

तू विचारलंयस, "ताई, मी पुढे जातेय का, की गोल गोल फिरतेय? खरं सांगा." खरं सांगते. पुढे जातेयस. मागच्या वर्षीच्या कविता आणि या शेजारी शेजारी ठेवल्या तर कुणालाही दिसेल, शब्द कमी झालेत, उद्गारचिन्हं जवळपास गेलीत, आणि यमकासाठी वाक्याची मान पिरगाळायची सवय सुटत चाललीय. हे सगळं तुझं तू मिळवलंयस, मी काहीच केलेलं नाही. पण एक गोष्ट मला टोचली आणि हे पत्र मुख्यतः तिच्याबद्दल आहे. तू थांबत नाहीस. कविता सापडते न सापडते तोच तू ती संपवून मोकळी होतेस.

आजोबांच्या चष्म्याची कविताच घे. फेअर कॉपीत ती वीस ओळींची आहे आणि त्यात आठवणींचा सागर आहे, काळाचा पडदा आहे, डोळ्यांत दाटलेले मेघ आहेत. वाईट नाहीये, पण ही कविता कुणाच्याही आजोबांची होऊ शकते. मग तू वहीच्या पानांचे जे फोटो पाठवलेस ना, त्यात याच कवितेचा पहिला ड्राफ्ट होता आणि त्यात चौथ्या ओळीवर आडवी रेघ मारलेली होती. मी फोटो मोठा करून करून वाचली ती ओळ. "एका दांडीला दोरा गुंडाळलेला." एवढंच. मी फोनवर विचारलं की ही का खोडलीस, तर म्हणालीस, ते फारच साधं वाटलं हो, कवितेसारखं वाटेना. आणि मग बोलता बोलता सहज सांगून गेलीस की आम्ही नवा चष्मा करून दिला होता पण त्यांनी शेवटपर्यंत तो वापरलाच नाही, कपाटात तसाच आहे.

अगं, मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. कविता तर तू बोलून दाखवली होतीस, फक्त वहीत नव्हती! वहीत सागर होता.

मग मला राहवलं नाही, तुझ्याच दोन वाक्यांना हात लावून मी ती अभंगात बसवून बघितली. मोठ्या अभंगाचा साचा तुला ठाऊक असेल, चार चरण, पहिल्या तिघांत सहा सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या तिसऱ्याचं यमक. अशी झाली:

चष्म्याच्या दांडीला
गुंडाळला दोरा
नवा आहे कोरा
कपाटात

ही कविता मी माझी म्हणून कुठेही लावणार नाही, तुझीच आहे ती. मला फक्त दाखवायचंय की यात दुःख हा शब्द नाही, आठवण नाही, मीसुद्धा नाही, आणि तरी वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतं. आणि तो छोटा चौथा चरण बघ, चारच अक्षरं, कान सहाची सवय लागून बसलेला असतो आणि एकदम पायरी संपते. साच्याची ही करामत शेकडो वर्षं आपल्या कानांवर पडत आलीय, ती फुकट मिळतेय तर घ्यावी की.

तू लिहिलंयस की तुला वृत्ताचं बंधन नको वाटतं, मुक्तछंदच तुझा. ठीक आहे. पण बंधन नको म्हणणं आणि येत नाही म्हणून टाळणं यातला फरक तुझा तुलाच ओळखता यायला हवा, बाहेरून कुणी सांगू शकत नाही. म्हणून तर मागच्या वेळी मी तुला भुजंगप्रयात हे वृत्त करून बघ म्हटलं होतं, कारण तो सगळ्यात आधी कानात बसतो. मनाचे श्लोक सगळेच्या सगळे, २०५, याच वृत्तात आहेत, लहानपणी म्हटलेले असतात, त्यामुळे लगागा लगागा लगागा लगागा हे वेगळं शिकावं लागत नाही, फक्त आठवावं लागतं. बारा अक्षरं, दर तिनातलं पहिलं लघु म्हणजे आखूड (ल), पुढची दोन गुरू म्हणजे लांब (गा). जोडाक्षर आलं की आधीचं अक्षर गुरू असं डोळे मिटून धरू नकोस मात्र, जीभ त्यावर आपटते का ते बघ, "पुस्तक"मध्ये पु गुरू होतो, "तुझ्या"मध्ये तु लघुच राहतो. तू दोन ठिकाणी इथेच अडकलीयस.

तुझी ओळ होती, "कुणाची तरी वाट ही पाहते मी". मोजून बघितली, वृत्तात चोख आहे, शाब्बास. पण त्यातला तो "ही" तिथे काय करतोय? काही नाही, जागा अडवून बसलाय. भरीचा शब्द म्हणतात तो हाच. मी "वाट पाहात होते" करून बघितलं, मोजमाप जुळतं, भर गेली, पण ओळ अगदीच सपक झाली. मग असं केलं:

कुणाची तरी वाट दारात होती

बघ काय झालं. "मी" गेली, "पाहणं" गेलं, आणि वाट शब्दाचे दोन्ही अर्थ जागे झाले, रस्ताही आणि प्रतीक्षाही. हे माझ्या हुशारीनं झालेलं नाही. सहज जी ओळ येते ती वृत्तात बसत नाही म्हणून आपण दुसरी शोधतो, तिसरी शोधतो, आणि त्या शोधण्यात हाताला असं काही लागतं जे आपल्या डोक्यात आधी नव्हतंच. वृत्ताचा खरा उपयोग मला हाच वाटतो, ते तुला थांबवतं. वर्षभर कर, मग खुशाल सोडून दे, पण तेव्हा तुझ्या मुक्तछंदातली ओळ कुठे तुटायची हे तुझ्या कानाला आपोआप कळलेलं असेल. सध्या तू ओळ तोडतेस ती बहुतेक मोबाईलच्या स्क्रीनची रुंदी संपते तिथे. "नवा चष्मा कपाटात आहे" हे एका ओळीत लिही आणि मग "आहे" एकटं खालच्या ओळीत टाक, मोठ्यानं वाच, वजन कुठून कुठे गेलं ते तुझं तुलाच जाणवेल.

गझलेबद्दल थोडक्यात. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, तू "जागते" आणि "मागते" घेतलंस, तिथेच तू वाचणाऱ्याला शब्द दिलास की यापुढे "आगते"च येणार. तिसऱ्या शेरात "वाहते" आणलंस, तो शब्द मोडला. खयाल, म्हणजे कल्पना, तिथली फार सुंदर आहे, म्हणून जीव तुटला माझा. तो शेर टाकू नकोस, वेगळ्या कागदावर ठेव, त्याला त्याची गझल भेटेल. हायकू मात्र इतक्यात नको, तीनच ओळी असतात म्हणून ते सोपं वाटतं आणि मग नुसती सुविचारांची पाटी होते. तुझे पाचही तसेच झालेत.

आता सवयींचं. रोज एक कविता लिहायची आणि रात्री नऊला ऑनलाइन टाकायची, असा नेम तू सात महिने पाळलास आणि आकडा दोनशे दहावर गेला हे तू इतक्या आनंदानं कळवलंयस की मला ते मोडायला नको वाटतं. नेमाबद्दल मला खरंच कौतुक आहे. रोज वहीशी बसणारी माणसं मी फार कमी बघितलीत. पण रोज लिहिणं वेगळं आणि रोज कविता पूर्ण करणं वेगळं गं. नऊ वाजायच्या आत काहीतरी व्हायलाच हवं म्हटल्यावर हात ओळखीच्या गोष्टींकडे जातो, सागर मेघ पडदा, कारण त्या तयार असतात. आणि मग खाली मस्त, अप्रतिम, हृदयस्पर्शी असं येतं, ते लिहिणारी माणसं प्रेमानंच लिहितात पण त्यांनी दोरा बघितलेलाच नसतो ना, त्यांना काय कळणार काय हरवलं ते. केशवसुतांच्या सगळ्या कविता मोजल्या तरी दीडशे भरत नाहीत. त्यांना आयुष्य कमी मिळालं, १९०५ मध्ये चाळिशीच्या आत गेले, हे खरंय, पण तेवढ्यातच १८९२ मध्ये त्यांनी चौदा ओळींचं सुनीत मराठीत आणलं, म्हणजे प्रयोगही केले. दोनशे दहा हा आकडा कशाचाच पुरावा नाही, चांगला नाही की वाईट नाही.

मी सांगते तसं तीन महिने करून बघ. रोज बस, तीच वेळ, पण कविता लिहायची नाही असं ठरवून बस. दिवसभरात जे दिसलं ऐकलं ते साध्या वाक्यात टिपायचं, उपमा नको, अर्थ नको. "बसमध्ये एक बाई झोपेतही पिशवीचा बंद बोटाला गुंडाळून होती" असं. कुणी बोललेलं वाक्य असेल तर त्यांच्याच शब्दात, व्याकरण न सुधारता. महिन्याभरानं या वाक्यांतली दोन चार अशी असतील की ती तुला सोडत नाहीत, अंघोळ करताना आठवतात, त्यांच्यापाशी कविता घेऊन जा. बाकीची वाया गेली असं समजू नकोस, डोळा त्यांच्यावरच तयार होत असतो.

आणि लिहिलेलं तोंडानं म्हण. फोनवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी ऐक, जिथे तुझा स्वतःचाच आवाज घाई करतो किंवा उगाच हळवा होतो तिथे काहीतरी बिनसलेलं असतं, मला तरी दरवेळी तिथेच सापडलंय. बहिणाबाईंना लिहिता वाचता येत नव्हतं. घरात शेतात काम करता करता त्यांनी ओव्या रचल्या, घरच्यांनी त्यातल्या काही उतरवून घेतल्या, आणि त्या छापून आल्या १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. म्हणजे कागद नव्हता तरी कविता होती, जिभेवर होती. मला हे आठवलं की दर वेळी भरून येतं आणि माझ्या कितीतरी ओळी जिभेवर टिकत नाहीत हे दिसतं.

दुसऱ्यांच्या कविता वाचतेस का, यावर तू पत्रात काहीच बोलली नाहीस, त्यावरून मी काय ते समजले. आवडलेली एक कविता आठवड्यात हातानं उतरवून काढ, टाईप नाही, हातानं. लिहिताना कळतं की कवीनं इथे थांबून काय टाळलंय. प्रभाव पडेल म्हणून घाबरू नकोस, तुझ्या वयात पडायलाच हवा, न वाचणाऱ्यांवरही पडतोच, फक्त कुणाचा ते त्यांना कळत नाही.

अजून एक, आणि हे मनापासून. ड्राफ्ट फाडू नकोस. माझ्या पहिल्या सहा वर्षांच्या वह्या मी घर बदलताना रद्दीत दिल्या, वाटलं होतं की फेअर केलेलं आहे ना आपल्याकडे, मग कशाला हा पसारा. आज फेअरमधल्या त्या कविता वाचवत नाहीत, आणि खोडलेल्या ओळी कुठल्या होत्या ते आठवत नाही. त्यात माझा दोरा नक्की होता कुठेतरी. तुझ्या पानांचे फोटो बघताना म्हणूनच मला एवढं लागलं. फोनच्या नोट्समध्ये लिहितेस तेव्हाही जुनं पुसून त्यावर नवं टाकू नकोस, खाली तारीख टाकून नवीन लिही.

स्पर्धेला पाठवू का म्हणतेस, तर पाठव की. पण चष्म्याची नको, ती अजून चालू आहे. पावसाची चौथी कविता पाठव, ती झालेली आहे, तिला आता मीसुद्धा हात लावणार नाही. नंबर आला नाही तर मला सांग, आला तरी सांग.

चष्म्याच्या कवितेकडे परत जाशील तेव्हा माझा अभंग समोर ठेवू नकोस, नाहीतर त्यातच अडकशील. तुझा पहिला ड्राफ्ट घे, रेघ मारलेला, आणि त्या चौथ्या ओळीपासून सुरू कर. फोनवर विचारायचं राहूनच गेलं, तो दोरा गुंडाळला कुणी होता? आजोबांनी स्वतः, की आजीनं? आठवत नसेल तर घरी विचार, आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दात लिहून मला पाठव.

तुझी,
ताई