पाणलोटाचं काम शिकताय? आधी विहिरीत डोकवा

पाणलोट म्हणजे ज्या भागातलं पावसाचं पाणी एकाच ओढ्याला मिळतं तो भाग. त्याचा नकाशा नंतर उघडा, आधी गावातल्या विहिरी पाहा. कच्च्या विहिरीच्या कडेला थर उघडे दिसतात: वर माती, खाली मुरूम, मग भेगाळलेला खडक आणि शेवटी काळा पाषाण. दख्खनच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे या काळ्या खडकात, पाणी साठतं ते मुख्यतः मुरमात आणि भेगांत, अखंड पाषाणात जवळपास नाहीच. म्हणून आपला साठा उथळ. पावसाळ्यात लवकर भरतो, आणि ओढ्यात झिरपत लवकर उतरतोही. दिवाळीनंतर ओढा वाहतो, ते हेच मुरलेलं पाणी.

एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. त्यातलं काही वाहून जातं, काही उडून जातं, काही ओल म्हणून मातीत राहतं. उरलेलंच विहिरीपर्यंत पोचतं.

कामं माथ्याकडून पायथ्याकडे. आधी डोंगरउतारावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीवर खोदलेले चर, नाल्यातला बंधारा शेवटी, नाहीतर तो गाळानंच भरेल. आणि कळकळीनं सांगतो, नाला खोलीकरणाच्या नावाखाली मुरूम खरवडून काढू नका. तिथं भूजल उघडं पडतं आणि उन्हानं उडून जातं.

पाणलोटाच्या कामासाठी ओळखल्या जाणाऱ्या, नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाला एकदा जाऊन याच. तिथं पाऊस मोजून पिकं ठरतात, शेतीसाठी बोअरवेल घेत नाहीत.