फिल्टरआधी चाक मोज

पणजी, गोवा

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

मंगळासाठीच्या रोव्हरची जागा आणि दिशा सेन्सरांवरून अंदाजायला ईकेएफ (एक्स्टेंडेड काल्मन फिल्टर) घेऊ की यूकेएफ (अनसेंटेड काल्मन फिल्टर), असं विचारलंस. रोव्हर वाळूवर चालवायचा असेल तर आधी चाक मोज. मिरामारला भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत 20 सेंमी व्यासाचं चाक दहा फेरे फिरव. चाकाचे फेरे मोजणारा एन्कोडर 6.28 मीटर सांगेल. फितीवर 4.71 भरले तर घसरण 25 टक्के. पाण्यालगतच्या घट्ट ओल्या वाळूत ती वेगळी येईल, तीही लिहून ठेव. ही चूक दर वेळी एकाच बाजूला पडते, आणि फिल्टर तर चुकांची सरासरी शून्य धरून चालतो. म्हणून नुसता आर (मोजमापात किती चूक धरायची तो आकडा) वाढवून भागत नाही. घसरण स्टेटमध्येच (फिल्टर अंदाजतो त्या राशींच्या यादीतच) घाल आणि ती ओळखायला व्हिज्युअल ओडोमेट्री (लागोपाठच्या फोटोंवरून मोजलेलं अंतर) दे. 2005 मध्ये नासाचा ऑपर्च्युनिटी रोव्हर मंगळावरच्या वाळूत रुतला, तेव्हाही चाकं फिरतच होती.

जीपीएस आणि होकायंत्र फिल्टरपासून लांब ठेव. गोव्यात दोन्ही चालतात, म्हणूनच निकाल उगाच गोड दिसतात. मंगळाला पृथ्वीसारखं ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही. आरटीके (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएस) फक्त ताळा करायला वापर. दिशा एका अंशाने चुकली की 100 मीटरवर पावणेदोन मीटर बाजूला जाशील. ॲक्सेलरोमीटर उतार सांगतो, दिशा नाही. मंगळावर दिशेसाठी सूर्यच बघावा लागतो.

आता तुलना. एकाच रेकॉर्ड केलेल्या डेटावर, तोच क्यू (हालचालीच्या गणितात किती चूक धरायची तो आकडा) आणि तोच आर घेऊन दोन्ही चालव. आयएमयू (त्वरण आणि वळण मोजणारा सेन्सर) 100 हर्ट्झचा असेल तर एरर-स्टेट ईकेएफ (स्टेटऐवजी त्यातली चूक अंदाजणारा) आणि यूकेएफ बहुधा जुळतील. पंधरा स्टेटसाठी यूकेएफचे 31 सिग्मा बिंदू (अंदाजाभोवती निवडलेले नमुने) ओढायची हमाली फुकट. सुरुवातीची दिशाच धड माहीत नसेल तेव्हा यूकेएफ घे. तिथेही कोनांची साधी सरासरी काढू नकोस, 359 आणि 1 अंशांची 180 येते! पार्टिकल फिल्टरला (अंदाजाच्या असंख्य प्रती चालवणाऱ्या) पंधरा मिती झेपत नाहीत.

एनआयएस (मोजमाप अंदाजापासून किती सुटलं, ते फिल्टरने धरलेल्या चुकीच्या मानाने सांगणारा आकडा) मात्र प्रत्येक फेरीला बघ. तीन घटकांच्या मोजमापाला सरासरी 3 च्या आसपास हवी. 7.81 च्या वर पाच टक्क्यांहून बरीच जास्त मोजमापं गेली, तर फिल्टर स्वतःवर फाजील विश्वास ठेवतोय. अशा वेळी गणित उकरण्याआधी टाइमस्टॅम्प तपास: फोटो काढल्याच्या वेळेऐवजी त्यावरून काढलेलं उत्तर हाती आल्याची वेळ लागलेली असते. फोटोच्या क्षणाच्या स्टेटची प्रत राखून मोजमाप तिला जोड.

पाऊस लागण्याआधी ताळगावच्या जांभ्याच्या पठारावरही एक फेरी मार. तिथे घसरण कमी आणि हादरे जास्त, तेव्हा क्यू नव्याने लावावा लागेल.