लेहजवळ सासरच्या जागेवर घर बांधतोय. भिंतीत नैसर्गिक इन्सुलेशन कोणतं भरावं? दक्षिणेला ग्रीनहाऊस जोडावं का?

जोडा, पण आधी भिंत. तुम्ही लिहिलंय, "मातीची भिंत दीड फुटाची आहेच, वेगळं काही लागेल का?" लेहला बांधकामावर असताना हे मी सारखं ऐकायचो. माती उष्णता साठवते. अडवण्यात ती कच्चीच. चार इंच कोरडा पेंढा जेवढी उष्णता अडवतो, तेवढ्यासाठी मातीची भिंत तीन-चार फूट जाड लागेल. रात्री पारा उणे २० कडे सरकला की बुखारीची, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीची, ऊब नुसत्या मातीतून निघून जाते.

म्हणून उत्तर, पूर्व आणि पश्चिमेला दुहेरी भिंत घ्या. आतली जाड, बाहेरची पातळ, मधल्या चार इंचांत भरण. जाड माती उबेच्या बाजूलाच हवी. पेंढा उत्तम, पण तिथे तो गुरांचा हिवाळ्याचा चारा. विकत घ्यायला जीवावर येतं. मी सुताराकडचा भुसा घेईन, चांगला वाळवून. मात्र प्रत्येक फुटाला दाबत भरून घ्या. गवंडी वरून पोती ओतून मोकळे होतात, मग भुसा बसतो आणि वरची हातभर पोकळी रिकामी राहते. बाहेरून कळतही नाही. लोकरीचा मोह होईल, पण तिला कसर लागते. पाऊस वर्षाला जेमतेम १०० मिमी, तरी ऑगस्ट २०१० ची ढगफुटी आठवा आणि जोतं दगडी, उंच ठेवा. भिजलेलं भरण काही कामाचं नाही.

ग्रीनहाऊस पाच-सहा फूट रुंद पुरे, लांबी घराइतकी. काच महाग पडते. तळेगावला गुलाबाच्या पॉलीहाऊसवर असतो तसा २०० मायक्रॉनचा यूव्ही कागद, म्हणजे उन्हात टिकणारं प्लास्टिक, चालतो. दहा-अकराला घराकडची दारं-झडपा उघडायच्या, ऊन उतरायच्या आत बंद. रात्री तो कागद काहीही धरून ठेवत नाही, त्यामुळे मधल्या खिडक्यांना जाड पडदे हवेतच. पालक, कोथिंबीर लावा, पण वाफा भिंतीपासून फूटभर लांब. रोजच्या पाण्याने कच्ची वीट फुगते. मे महिन्यात कागद गुंडाळून ठेवा, नाहीतर घराची भट्टी होईल.

आणि पाया आखण्याआधी डिसेंबरात जागेवर एक पूर्ण दिवस थांबा. डोंगराची सावली दुपारी दोनलाच येत असेल, तर ग्रीनहाऊसचे पैसे छपराच्या भरणात घाला.