आटे जुळले म्हणजे अ‍ॅडॉप्टर झाला नाही

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन होणारा दाब, मोजायचं गेज जोडायला ग्लो प्लगच्या (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणाऱ्या प्लगच्या) जागी बसणारा अ‍ॅडॉप्टर तयार मिळत नाही म्हणून तू तो लेथवर स्वतः करणार आहेस, हे उत्तमच. पण तुझ्या पत्रात सगळा भर आट्यांवर आहे. आट्यांचं फारसं अवघड नसतं. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बघायला पिच गेज लाव आणि जुन्या प्लगवरून खात्री कर. एम १० मध्ये (१० मिमी व्यासाच्या आट्यांत) १ आणि १.२५ मिमी असे दोन्ही पिच भेटतात. चुकीचा पिच एक-दोन फेरे हाताने आत जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावलास तर अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे गेलेच समज. खरी गोम आतल्या भोकात आहे. ते चुकलं तरी अ‍ॅडॉप्टर छान बसतो, गळत नाही, आणि खुशाल खोटा आकडा दाखवतो.

हिशेब करून बघ. एका सिलिंडरचा स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन खालून वर येताना व्यापतो ती जागा) ५०० सीसी आणि कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची एकूण जागा भागिले वर असताना उरणारी) १८ धर. पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा ५०० भागिले १७, म्हणजे साधारण २९.४ सीसी. आता अ‍ॅडॉप्टरमध्ये ६ मिमीचं, १०० मिमी लांब भोक पाडलंस आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा गेजकडे जाऊ देणारा, परत न येऊ देणारा) वरच्या टोकाला ठेवलास, तर त्या जागेत २.८ सीसीची भर पडली. रेशो १६.५ वर उतरला. जिथे ३० बार (बार हे दाबाचं एकक) दिसायला हवे तिथे गेज २७ च्या आसपास थांबेल आणि तू धडधाकट इंजिनाच्या पिस्टन रिंगा काढायला सांगशील. तेच भोक ३ मिमीचं असेल तर भर जेमतेम ०.७ सीसीची. पेट्रोल इंजिनात वर उरणारी जागाच मोठी असते, म्हणून तिथे एवढं जाणवत नाही.

तेव्हा व्हॉल्व्ह जमेल तितका खाली, ज्वलनकक्षाजवळ घे. त्याच्या वरची जागा आणि होज कितीही असोत. दर स्ट्रोकला थोडी थोडी हवा साठत तिथला दाब भरतो. मात्र टायरच्या ट्यूबमधला व्हॉल्व्ह कोअर घालू नकोस. त्याची स्प्रिंग कडक असते, तेवढा दाब ती खाते, आणि त्याचं रबर तापलेल्या हवेत टिकत नाही. कॉम्प्रेशन टेस्टरसाठी हलक्या स्प्रिंगचा कोअर वेगळा येतो.

सीटकडे, म्हणजे प्लग हेडला टेकून सील होतो त्या पृष्ठभागाकडे, नीट लक्ष दे. बरेच ग्लो प्लग षटकोनाखालच्या वॉशरवर सील होत नाहीत, आट्यांच्या खालच्या निमुळत्या सीटवर होतात. तो कोन जुन्या प्लगवरून उचल. मार्किंग ब्लू (टेकल्याची खूण उमटवणारा निळा रंग) लावून बसवून बघ, पट्टा सगळीकडून सलग उमटायला हवा. सीटच्या खाली हीटरच्या दांडीएवढंच नाक ठेव, म्हणजे रिकामी पडलेली जागा भरून निघेल. लांबी मूळ प्लगपेक्षा किंचित कमीच ठेव. जास्त झाली तर पिस्टनशी गाठ पडू शकते.

जुना प्लग पोखरूनही अ‍ॅडॉप्टर होतो. आटे आणि सीट आयती मिळते. घाईच्या कामाला ठीक आहे, पण भिंत पातळ राहते. मला ईएन ८ पोलादाची दांडी लेथवर टर्न करणंच पटतं.

इंजेक्टरच्या (डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) भोकातून माप घ्यायची वेळ आली तर क्लॅम्प मूळचाच वापर. १५ मिमी व्यासाच्या सीटवर ३० बार म्हणजे पन्नास किलोहून जास्त रेटा. हाताने दाबून धरायची गोष्ट नाही ती. तांब्याचा वॉशर नवा घाल, नाहीतर जुना लाल तापवून मऊ करून घे.

तयार अ‍ॅडॉप्टर थेट इंजिनावर चढवू नकोस. आधी हातपंपाने तेल भरून ७० बारपर्यंत तपास. हवेने नाही, दाबलेली हवा सुटली की तुकडे उडतात. गेज आणि होजही तेवढ्याच क्षमतेचे हवेत. पेट्रोलचं २० बारचं गेज इथे पहिल्याच फेऱ्यात कामातून जाईल.

मोजताना इंजिन गरम, बॅटरी भरलेली आणि सगळे ग्लो प्लग काढलेले असू देत. डिझेल पूर्ण बंद कर. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारी रचना) असेल तर पाइप सैल करायचे नाहीत, इंजेक्टरचे विजेचे कनेक्टर काढायचे. सेल्फ मारताना डिझेल आत गेलं आणि पेटलं तर दाब गेजच्या आवाक्याबाहेर जातो. पेट्रोलवाल्यांसारखं सिलिंडरमध्ये तेल ओतून पुन्हा मोजायचा मोह टाळ. डिझेलमध्ये वर जागाच इतकी कमी असते की तेलानेच आकडा फुगतो, आणि तेल जास्त झालं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

एकाच अ‍ॅडॉप्टरने घेतलेली सिलिंडरा-सिलिंडरांमधली तुलना बहुतेक वेळा भरवशाची असते. मॅन्युअलमधल्या किमान आकड्याशी ताडून बघायचं असेल, तर आधी एखाद्या चांगल्या इंजिनावर तुझा आणि कंपनीचा अ‍ॅडॉप्टर आळीपाळीने लावून फरक काढ आणि तो अ‍ॅडॉप्टरवरच पंच करून ठेव.

दांडी कापण्याआधी सीटचा कोन, नाकाचा व्यास आणि सीटपासून टोकापर्यंतची लांबी एवढी तीन मापं मला लिहून पाठव. व्हॉल्व्ह कुठे बसवायचा ते तेव्हाच ठरवू.

तुझा,
काका