फुलपाखराच्या शिरा: आकडे की नावे?

प्रश्न: इव्हान्स यांच्या भारतीय फुलपाखरांवरील जुन्या पुस्तकात पंखांच्या शिरांना आकडे आहेत, कॉलेजच्या पुस्तकात मात्र रेडियस, मीडिया अशी नावे. नोंदी करताना मी कोणती पद्धत वापरू?
– एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर: ठिपका पंखावर नेमका कुठे आहे हे लिहायचे असेल तर खुशाल आकडे वापरा. ते मागच्या कडेकडून मोजतात. २ आणि ३ या शिरांमधली जागा ती ‘जागा २’. पुढच्या पंखात २, ३ या क्युबिटसच्या शाखा, ४, ५, ६ मीडियाच्या, ७ ते ११ रेडियसच्या आणि १२ म्हणजे सबकॉस्टा. मागच्या पंखात सहापर्यंत हेच, ७ हा रेडियल सेक्टर (रेडियसचाच मागचा फाटा), आणि ८ मध्ये सबकॉस्टा व रेडियसची पहिली शाखा एक झालेली असते.

पण नावे शिकाच, असा माझा आग्रह आहे. आकडा फुलपाखरापाशी थांबतो. रेडियस तुम्हाला माशीत, मधमाशीत, चतुरातही शोधता येतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कॉमस्टॉक आणि नीडहॅम या कीटकशास्त्रज्ञांनी १८९८-९९ मध्ये ही पद्धत मांडली. पंख तयार होत असताना त्यात आधी श्वासनलिका पसरतात आणि पुढे त्यांच्या वाटेने शिरा घडतात, म्हणून त्यांनी कोवळे पंख तपासले. (या नलिका दर वेळी खात्रीच्या ठरत नाहीत, हे पुढे कळले. आता शीर पंखाच्या पृष्ठभागावर उंचावलेली आहे की खोलगट, हेही पाहतात.)

कोवळा पंख काय सांगतो, याचा सर्वांत सुंदर दाखला फुलपाखरातच आहे. पंखाच्या मध्यभागी मोठा मोकळा कप्पा असतो आणि ४, ५, ६ या शिरा त्याच्या टोकाकडून निघतात, जणू त्यांना बुंधाच नाही. कोषातला पंख पाहिला की मीडियाची नलिका त्या कप्प्यातून सरळ गेलेली दिसते. प्रौढ फुलपाखरात तो बुंधा नाहीसा झालेला असतो. केवळ आकडे लावणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

मेलेल्या फुलपाखराचा पंख मिळाला तर खालच्या बाजूवर स्पिरिटचा थेंब टाका. खवले क्षणभर पारदर्शक होतात आणि शिरा उठून दिसतात. स्पिरिट लगेच उडते, तेव्हा कागद-पेन्सिल आधीच हाताशी ठेवा. सुरुवात स्किपर या गटातल्या फुलपाखरापासून करा. त्याच्या पुढच्या पंखातल्या शिरांना फाटे नसतात, कप्प्यातून प्रत्येक शीर सुटी निघते. पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांकडे नंतर वळा, कारण त्यांच्यात रेडियसच्या शाखा एकाच देठावर येतात आणि एखादी गायबही असते.