जुन्या गाजलेल्या बॉक्सिंग लढती पुन्हा बघून स्वतः फेरीनिहाय गुण देत बसण्यात काय अर्थ आहे? निकाल तर बदलत नाही ना?

"निकाल तर बदलत न्हाई" हे आमच्या थोरल्या मामांचं ठरलेलं वाक्य आहे. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

निकाल बदलत नाही, मान्य. पण लढत कोण जिंकलं याबद्दल प्रत्येकाचं ठाम मत असतं आणि बहुतेकांचं ते उसनं असतं. हायलाइट्स बघितलेल्या असतात, समालोचक ओरडलेला असतो, कुणीतरी 'लुटलं बिचाऱ्याला' म्हणालेलं असतं. बारा फेऱ्यांचे बारा निर्णय स्वतःच्या हाताने कागदावर उतरवले की मगच ते मत तुमचं होतं. मी सगळ्यांना यासाठी एकच लढत सुचवतो, हॅग्लर विरुद्ध लेनर्ड. याच लढतीवरून आमच्या घरातलं भांडण अजून मिटलेलं नाही.

तारीख 6 एप्रिल 1987, लास व्हेगासचं सीझर्स पॅलेस. मार्व्हिन हॅग्लर 1980 पासून मिडलवेट या वजनगटाचा विजेता. शुगर रे लेनर्ड डोळ्याच्या पडद्याच्या दुखापतीमुळे निवृत्त झालेला, मागच्या पाच वर्षांत जेमतेम एक लढत खेळलेला. लेनर्डच्या बाजूने मोठं रिंग, 10 औंसांचे ग्लोव्ह्ज आणि 15 ऐवजी 12 फेऱ्या मागून घेतल्या. त्या बदल्यात पैशांत हॅग्लरचा वाटा मोठा. गुण देण्याची रीत अशी की तीन जज प्रत्येक फेरीत जिंकणाऱ्याला 10 आणि हरणाऱ्याला सहसा 9 देतात, आणि शेवटी प्रत्येकजण आपली बेरीज करतो. इथे जजांचं एकमत झालं नाही. लू फिलिपोने 115-113 हॅग्लरला दिली, डेव्ह मोरेटीने 115-113 लेनर्डला आणि होहो गेर्राने 118-110 लेनर्डला. लेनर्ड विजयी. हॅग्लर त्यानंतर पुन्हा कधीच लढला नाही, इटलीला निघून गेला. 2021 मध्ये तो वारला तोवर, आपण जिंकलो होतो यावर तो ठाम होता.

आता मामा. मामा कागल तालुक्यातले. तरुणपणी कोल्हापूरच्या तालमीत राहिलेले, खासबागेत कुस्त्या बघत वाढलेले. त्यांच्या लेखी कुस्ती एक तर निकाली होते, नाही तर बरोबरीत सोडवतात. मधलं काही नसतं. मी कॉलेजात बॉक्सिंग करायचो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत गुणांवर जिंकलो आणि पदक घेऊन घरी जायच्या आधी मामांकडे गेलो. त्यांनी पदक उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "पाडलास का त्येला?" नाही म्हटलं. "मग जिंकलास कसा?" आणि पदक परत माझ्या हातात. तीन फेऱ्या मी त्या पोराचा एकेक ठोसा चुकवला होता, प्रत्येक वेळी आत शिरून मारून बाहेर आलो होतो. ते सगळं एका प्रश्नात खलास. मला ते लागलं होतं आणि अजून लागतं.

म्हणून एका दिवाळीत सगळे मामांकडे जमलो तेव्हा मी मुद्दाम ही लढत टीव्हीवर लावली. मामांना निकाल माहीत नव्हता. आवाज पूर्ण बंद केला. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर तीन कार्डं आखली, मामांचं, माझं आणि मामींचं. मामी पोह्यांचा चिवडा डब्यात भरायला बसल्या होत्या. त्यांना बॉक्सिंगचं काही ठाऊक नव्हतं, पण एक कार्ड त्यांनाही दिलं.

पहिल्या दोन फेऱ्यांत हॅग्लर, जो एरवी साउथपॉ (डावखुऱ्यासारखा, उजवा हात पुढे) लढतो, तो ऑर्थोडॉक्स (डावा हात पुढे) उभा राहिला. का, यावर लोक आजही वाद घालतात. माझ्या मते त्याने त्या दोन फेऱ्या फुकट घालवल्या. तीनही जजांनी त्या लेनर्डला दिल्या आणि मामांनीसुद्धा, तोंड वाकडं करून का होईना, दिल्या. "ह्यो पळतोय नुसता," हे मात्र चालूच. पाचव्या फेरीत हॅग्लरचा उजवा अपरकट, म्हणजे खालून वर मारलेला ठोसा, बसला आणि लेनर्डचे गुडघे वाकले तेव्हा मामा खुर्चीच्या टोकावर आले. ती फेरी आम्हा तिघांच्याही कार्डावर हॅग्लरची. सहावी, सातवी, आठवीत हॅग्लर पुढे पुढे येत राहिला आणि मामा प्रत्येक वेळी बेल व्हायच्या आधीच दहा लिहून मोकळे. आठवीनंतर मामींनी डब्यावरून मान वर केली आणि म्हणाल्या, "त्यो टकल्या येतोय खरा, पण त्येच्या हाताला काय गावतंय?"

मी बॉक्सिंगवर इतकं काही वाचलं आहे, पण 'परिणामकारक आक्रमकता' या निकषाची याहून चांगली व्याख्या मला कुठे मिळालेली नाही. पुढे जाण्याला गुण नाहीत. पुढे जाऊन मारण्याला आहेत. त्या लढतीतल्या ठोशांची मोजणी उपलब्ध आहे. लेनर्डने 629 मारले, 306 बसले. हॅग्लरने 792 मारले, 291 बसले. म्हणजे शिकारी वाटणाऱ्या माणसाचे पाचशे ठोसे हवेत किंवा गार्डवर गेले.

मग नववी फेरी. हॅग्लरच्या डाव्या हाताने लेनर्ड हलला, कोपऱ्यात अडकला, आणि तिथून तो ज्या तडफेने मारत बाहेर पडला ते बघताना आजही अंगावर काटा येतो. मी ती फेरी लेनर्डला दिली. मामा भडकले. "कोपऱ्यात कोण हुता?" मी म्हटलं, "मामा, कोपऱ्यात होता तो, पण जास्त ठोसे खाल्ले कुणी ते बघा." आम्ही ती फेरी तीनदा मागे नेऊन बघितली. ते त्यांच्या मतावर, मी माझ्या.

शेवटची बेल झाली आणि बेरीज करायच्या आधी मी मामांना विचारलं, हॅग्लरला किती फेऱ्या? ते ठासून म्हणाले, "नऊ तरी." मग त्यांचंच कार्ड मोजलं. सात. त्यांच्याच अक्षरात 115-113. मामींचं आणि माझं 115-113, पण लेनर्डला. मामा म्हणाले, "एखादी इकडंतिकडं हुती." मी म्हटलं, मामा, त्यातली एक इकडची तिकडे झाली की 114-114, बरोबरी. दोन झाल्या की लेनर्ड.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या दृष्टीने इथे आहे. डोक्यात जी लढत राहते आणि फेऱ्या मोजल्यावर जी निघते त्या दोन वेगळ्या असतात. डोक्यात पाचवी फेरी मोठी होते आणि पहिली विसरली जाते. कार्डावर दोन्हींची किंमत सारखीच, 10-9. नॉकडाउन झाला नसेल तर जबर जिंकलेली फेरी आणि निसटती जिंकलेली फेरी यांत सहसा फरक नाही. हे अन्यायाचं वाटत असेल तर वाटू दे, खेळ असाच मोजतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये मेरी कोमचं हेच झालं. कोलंबियाच्या इंग्रिट व्हॅलेन्सियाविरुद्ध दुसरी आणि तिसरी फेरी पाचपैकी तीन जजांनी मेरीला दिली होती. पण पहिलीत चार जज व्हॅलेन्सियाकडे गेले होते, आणि प्रत्येक जजची बेरीज स्वतंत्र होते. शेवटी 3-2 ने व्हॅलेन्सिया. मेरीला आपण जिंकलो असंच वाटलं होतं, आणि देशभर लोक 'तीनपैकी दोन फेऱ्या जिंकून हरली कशी' म्हणून ओरडत होते. त्यांनी एकदा जरी स्वतः कार्ड भरलं असतं तर हा प्रश्न पडला नसता. दुःख झालं असतं, ते वेगळं.

हॅग्लरवाले नेहमी म्हणतात की लेनर्डने प्रत्येक फेरीच्या शेवटच्या तीस सेकंदांत धडाका लावून फेऱ्या चोरल्या. धडाका लावला हे खरं आहे आणि ती त्याची ठरवलेली चालच होती. म्हणूनच गुण देताना संपूर्ण तीन मिनिटं बघा, फक्त शेवट बघू नका. पण माझा उलटा सवाल आहे. आधीची अडीच मिनिटं हॅग्लर खरंच जिंकत असता तर तीस सेकंदांत फेरी फिरली असती का? चोरायला दार उघडं होतं, कारण आत कुणी फार काही करत नव्हतं. लेनर्डने मिठ्या खूप मारल्या, रेफरी रिचर्ड स्टीलने त्याला पुन्हा पुन्हा ताकीद दिली आणि एकही गुण कापला नाही. इथे हॅग्लरवाल्यांची तक्रार रास्त आहे. मी असतो तर एक गुण कापला असता, आणि माझं कार्ड 114-113 झालं असतं. तरी लेनर्डच. 118-110 मात्र मला कुठल्याही बाजूने पटत नाही. दहा फेऱ्या लेनर्डला द्यायच्या तर पाचवीनंतर डोळे मिटून बसावं लागेल.

मामांना मी शेवटी एवढंच विचारलं होतं की निकाल बदलत नाही तर 2023 च्या महाराष्ट्र केसरीनंतर तुम्ही काय करत होतात? सिकंदर शेखविरुद्ध महेंद्र गायकवाडला बाहेरची टांग डावावर चार गुण दिले तेव्हा हेच मामा मोबाइलवर तो व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवत होते, पाठ कुठे टेकली, खांदा कुठे होता, कुणाला किती गुण हवे होते. मग तो काय उद्योग होता? तेच तर मी करतोय. ज्याला खेळ कळतो त्याला निकाल तपासल्याशिवाय चैन पडत नाही. आणि पाडल्याशिवाय जिंकता येतं हे त्यांना कुस्तीत मान्य आहे, फक्त माझ्या पदकाच्या वेळी नव्हतं.

सुरुवात करायची तर आवाज बंद ठेवा, फेरीचा निर्णय मधल्या एका मिनिटात लिहा आणि नंतर खोडू नका. 10-10 देऊ नका, तो पळपुटेपणा आहे. अधिकृत कार्ड आधी बघू नका. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, जज रिंगच्या तीन बाजूंना बसतात, आपल्याला कॅमेरा दाखवेल तेवढंच दिसतं. एखादा ठोसा ग्लोव्हवर बसला की गालावर हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं दिसलेलं असू शकतं, किंवा मध्ये रेफरीची पाठ आल्याने दिसलेलंच नसू शकतं. त्यामुळे दोन फेऱ्यांच्या फरकावरून कुणाला विकला गेलेला म्हणू नका.

हॅग्लर-लेनर्ड झाली की लगेच पर्नेल व्हिटेकर विरुद्ध हुलियो सेझार चावेझ ही लढत बघा. 10 सप्टेंबर 1993, सॅन अँटोनियोचा अलामोडोम, स्टेडियमभर चावेझचे लोक. तोवर 87 लढतींत चावेझ एकदाही हरला नव्हता. दोन जजांनी 115-115 दिली, एकाने 115-113 व्हिटेकरला, म्हणून बरोबरी. चावेझ रात्रभर पुढे चालत येतो आणि व्हिटेकर समोर उभा असूनही त्याला सापडत नाही. माझ्या कार्डावर व्हिटेकरच्या आठ फेऱ्या आहेत. येत्या दिवाळीत ती मामांकडे लावणार आहे. मामींना आत्ताच सांगून ठेवलंय, कार्ड तुमचंही असेल.