रेडिएशनच्या प्रयोगाला हात घालण्याआधी

पेशी सांभाळायला शिकलीस, आता त्यांना रेडिएशन आणि सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध एकत्र देऊन बघायचंय म्हणतेस. छान. पण नुसत्या एमटीटी चाचणीवर विसंबू नकोस. पेशींचा चयापचय आज चालू आहे का, एवढंच ती सांगते. किरणांचा मार बसलेली पेशी बरेचदा चार दिवस धडधाकट दिसते, एक-दोनदा विभागते आणि मग मरते. म्हणून कॉलन्या, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले पुंजके, मोजायच्या. पक आणि मार्कस या शास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये हेला या मानवी कॅन्सरच्या पेशींवर हेच केलं होतं, आणि माझ्या मते अजून त्याला तोड नाही. दहा-चौदा दिवस थांब. किमान ५० पेशींचा पुंजका असेल तरच कॉलनी धर. मोजून मोजून डोळे दुखतात, दुखू देत.

सिस्प्लॅटिन डीएमएसओ या द्रावकात विरघळवू नकोस! पहिल्या वर्षी मी तेच केलं. औषध निकामी, आणि मी दोन महिने पेशींच्या नावाने खडे फोडत बसलो. सलाईनमध्ये कर, उजेडापासून झाकून ठेव.

किरण द्यायला कोबाल्ट-६० च्या मशिनवर प्लेट्स नेणार असशील, तर भिंतीवरचा जुना डोस-रेटचा (मिनिटाला किती डोस मिळतो त्याचा) तक्ता विसर. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे डोस-रेटमध्ये महिन्याला साधारण १ टक्का घट. फिजिसिस्टना चहा पाज, त्या दिवसाचा आकडा घे. कंट्रोलच्या, म्हणजे किरण न द्यायच्या, प्लेट्सही सोबत ने. इनक्युबेटरबाहेरचा वेळ सगळ्यांना सारखाच मिळायला हवा.

आणि हो, पेशींत नकळत शिरणारा मायकोप्लाझ्मा जिवाणू तपासलास ना?